आतोबांचा खराखुरा गड

परभणी जिल्ह्यात आमच्या आतोबांनी ज्या ज्या नाटकाला हात लावला, त्यांतलं एकही नाटक लेखकाने लिहिल्याप्रमाणे शेवटाला गेलं नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आणि त्यांतलं एकही त्यांनी बिघडवायचं म्हणून बिघडवलं नाही, हेही तितकंच खरं. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. बोरीला त्यांची काळीभोर कापसाची शेती होती. ती आत्याने बघायची आणि आतोबांनी गावोगावच्या नाटकांचे देखावे उभे करायचे, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. निजामी राजवटीत नाटक करायचं तर वरून इजाजत आणावी लागे, आणि ती येईपर्यंत तरणा नट म्हाताऱ्याच्या भूमिकेला लायक होई. पोलीस ॲक्शननंतर मात्र इतक्या वर्षांची तुंबलेली हौस एकदम मोकळी झाली, आणि ज्या गावाला धड पाण्याचा आड नव्हता तिथेही नाटक मंडळी निघाली. त्याच दिवसांत बोरीच्या शाळेवर मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. आत्याने मला दुसरीकडे खोली बघू दिली नाही. मला धक्के बसायला सुरुवात झाली ती तिथून.

आतोबांचा पहिला राग रंगवलेल्या पडद्यावर. पडदा म्हणजे सरळसरळ खोटी साक्ष, असं त्यांचं मत होतं. जे दाखवायचं ते खरं आणून दाखवा, नाहीतर लोकांना घरी जाऊ द्या. वालूरच्या मंडळींनी एकदा वनवासाचं नाटक बसवलं आणि अरण्याचं काम विश्वासाने आतोबांवर सोपवलं. आतोबांनी शिवारातल्या बाभळी मुळासकट उपटून आणल्या आणि रंगमंचावर माती टाकून त्या लावल्या. अरण्य असं झालं, की पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. पुढे रावण आला, त्याने सीतेचा हात धरला आणि ओढायला लागला. पण सीतेचं नऊवारी लुगडं बाभळीत असं काही अडकलं होतं, की रावण ओढतोय आणि बाभूळ सोडत नाही. प्रेक्षक उठून उभे राहिले आणि बाभळीला जोर द्यायला लागले. शेवटी रावण दमून एकटाच लंकेला गेला. वालूरला रामायण तिथेच संपलं. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. आतोबा मात्र परतीच्या वाटेवर बैलगाडीत समाधानाने म्हणाले, "झाड खरं असलं की असं हुतं बघ. कापडाच्या झाडानं वाचवलं असतं का तिला?"

दुसरं वेड दारांचं. कुणाच्या घरी गेले तर पाणी प्यायच्या आधी ते दार हलवून बघत. उघडून बघत, लावून बघत, फळीवर कान ठेवून बोटाने वाजवत, आणि मग चौकटीकडे अशा नजरेने पाहत की घरातल्या बायांना आपलं काही चुकलं की काय असं वाटावं. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही पूर्णेला गेलो होतो. मुलीचे वडील रेल्वेत, घर नीटनेटकं, मुलगी मला पाहताक्षणीच पसंत पडलेली. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगी आत गेली, आणि सगळे आतोबांच्या तोंडाकडे बघायला लागले. आतोबा म्हणाले, "पोरगी लय गुणाची हाय. पन तुमच्या दाराची बिजागरी आल्यापसून रडायलीय. जिथं बिजागरीला तेल न्हाई, तिथं जावयाच्या ताटात तूप कुठून येनार?" माझ्या हातातली बशी खाली पडली. मुलीच्या वडिलांनी शांतपणे आम्हाला स्टेशनची वाट दाखवली. लग्न पुढे दुसरीकडे झालं आणि सुखाचं झालं, ही गोष्ट वेगळी. पण पूर्णा जंक्शन आलं की अजूनही मी खिडकीतून बाहेर बघत नाही.

स्वतःच्या घराचं दार हा तर त्यांचा जीवच. सागवानी, चांगलं वीतभर जाड वाटावं असं, आणि आतून आडवा सरकवायचा तसाच दणकट अडसर. दिवेलागण झाली की आतोबा अडसर घालत. मग जेवताना उठून तो बसलाय का ते बघत. अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठत. आत्या म्हणायची, "अहो, अडसर काय पळून जायलाय का? निजा की गप." ते निजत, आणि जरा वेळाने मला पुन्हा त्यांच्या पावलांचा आवाज येई. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा आत्याने चुलीपाशी बसून मला त्यामागची हकीकत सांगितली, आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं.

आतोबांना एक थोरला भाऊ होता. सगळे त्यांना दादा म्हणत. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या त्या धास्तीच्या दिवसांत दादा चळवळीत होते, सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात राहत आणि चोरून येत-जात. त्या दिवसांत रात्री दार वाजलं की गावात कुणी उघडत नसे. ओळखीचं नाव सांगून दार उघडायला लावायचं आणि मग घरात घुसायचं, असं आसपासच्या गावांत घडून गेलं होतं. अशाच एका रात्री आतोबांचं दार वाजलं. "धाकल्या, मी हाय, उघड," अशी हाक आली. आवाज घोगरा, फाटलेला. आतोबांना तो भावाचा वाटला नाही. अडसराला पाठ लावून ते उभे राहिले. बाहेरचा माणूस बराच वेळ थांबला, आणि मग गेला. ते दादाच होते, अंगात ताप होता आणि घसा पार बसलेला होता. तशा अंगाने ते परत वऱ्हाडात गेले. जगले, पुढे वाशीमला त्यांनी कापडाचं दुकान टाकलं, राज्य बदललं, सगळं निवळलं. पण "त्या दारातून मी पुन्हा आत येनार न्हाई," असं ते एकदा आत्याला बोलून गेले आणि शब्दाला जागले. शेताच्या कामाला बोरीत येत, मारुतीच्या देवळात उतरत आणि परत जात. आतोबा देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन मागे फिरत. भावाने एकदा घरात यावं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती, आणि ती मागायची कशी हे त्यांना कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "तवापसून ह्यांना झोप न्हाई बघ."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचे हेडमास्तर लेखक होते. म्हणजे गावात दुसरं कुणी लिहीत नव्हतं. त्यांनी महाराजांवर नाटक लिहिलं: महाराज शत्रूच्या कैदेतून निसटतात, बैराग्याच्या वेषात रानोमाळ हिंडत गडावर परत येतात, आणि द्वारपाल त्यांना ओळखत नाही. तो द्वारपाल मी होतो. दारावरून बैराग्याची कसून चौकशी करायची, त्याला परतवून लावायचं, आणि शेवटी महाराजांनी खूण पटवली की गहिवरून दरवाजा उघडायला सांगायचं. दीड पानाचं भाषण होतं. ते मी वर्गात, विहिरीवर, शेतात, झोपेतसुद्धा म्हणत होतो. महाराजांचं काम गावच्या गिरणीवाल्याकडे होतं. दाढी सुरेख होती. दोष एवढाच, की गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे. वेष पालटून लपतछपत आलेले महाराज "कुणाला कळू देऊ नका!" हे वाक्य तालमीत असं म्हणायचे, की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडायची.

हेडमास्तरांचा बेत परभणीहून गडाचा रंगवलेला पडदा आणायचा होता. आतोबा तालमीत आले आणि म्हणाले, "कापडाचा गड? वाऱ्यानं हालनारा? मास्तर, महाराज बघायलेत वरून, काय म्हनतील?" हेडमास्तर गडबडले आणि तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात दगडाच्या गाड्या येऊन पडायला लागल्या. गावकुसाच्या पडक्या भिंतीची पांढरी माती आली, भुसा आला, चिखल तुडवायला आतोबांचेच बैल आले. शेतात कापूस बोंडं फोडून वाऱ्यावर उडायला लागला होता आणि आतोबा इकडे बुरूज बांधत होते. आत्या मजुरीण बायांना घेऊन एकटी वेचणीला जायची आणि वाटेत मैदानाकडे बघून न बघितल्यासारखं करायची. भिंत पुरुषभर उंच झाली तेव्हा मी घाबरून विचारलं, "आतोबा, नाटक झाल्यावर हे पाडायचं कसं?" ते माझ्याकडे दुखावल्या चेहऱ्याने पाहत म्हणाले, "गड कुनी पाडतं का रे?"

यापुढचा धक्का उजेडाचा. नाटक गॅसबत्तीच्या उजेडात नाही, उन्हं कलल्यावर, दिवसाढवळ्या व्हायला हवं, असं त्यांनी जाहीर केलं. रात्री गड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या भाषणाची सुरुवातच "सूर्य मावळला! आता या गडाचा दरवाजा उघडणे नाही!" अशी होती, हे मी त्यांना परोपरीने समजावलं. "तू मावळला म्हन," आतोबा म्हणाले, "सूर्य काय तुला खोटं पाडायला बोलनार हाय का?"

आणि मग दरवाजा. गडाचा दरवाजा नवा करणं आतोबांना मंजूर नव्हतं. नव्या दाराला वजन नसतं. तेव्हा त्यांनी गावातली दारं काढून नेऊन लावून बघायचा सपाटा लावला. विचारायची पद्धत नव्हती. आधी गिरणीचं दार गेलं. मग हेडमास्तरांचं, ते शाळेतून घरी गेले तर दाराच्या जागी बायकोचं लुगडं लोंबत होतं आणि आत शेजाऱ्याची शेळी रवंथ करत बसली होती. एकेक दार गडाला लावायचं, चार पावलं मागे जाऊन बघायचं, मान हलवायची आणि परत नेऊन द्यायचं. पंधरवडाभर बोरीतला माणूस बाहेर जाताना घराकडे वळून वळून बघत होता. नाटकाच्या आदल्या दिवशी मी शाळेतून परतलो आणि अंगणातच उभा राहिलो. आमच्या घराला दार नव्हतं. रिकाम्या चौकटीतून थेट आतली चूल दिसत होती, आणि चुलीपाशी आत्या गालाला हात लावून बसली होती. "न्हेलं," ती म्हणाली. "एक अक्षर बोलले न्हाईत. दार काढलं, पाठीवर घेतलं, गेले." ज्या माणसाला त्या दाराच्या भरवशाशिवाय क्षणभर डोळा मिटता येत नव्हता, त्याने तेच दार काढून मैदानात नेलं होतं. त्या रात्री आतोबा गडाजवळच बसून राहिले.

नाटकाला प्रमुख पाहुणे म्हणून हेडमास्तरांनी दादांना बोलावलं होतं. चळवळीत राहिलेला गावचा माणूस, दुसरं कुणाला बोलावणार? दादा आले, नेहमीसारखे देवळात उतरले आणि ठरल्या वेळी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर येऊन बसले. पांढरी टोपी, ताठ पाठ. समोरच्या गडाला कुठलं दार लावलंय हे त्यांनी ओळखलं का? माझ्या मते बसल्याबसल्याच ओळखलं. कारण त्यानंतर त्यांची नजर दुसरीकडे गेली नाही.

पहिला अंक कसाबसा पार पडला. मग गडाचा प्रवेश आला. बुरुजामागे बैल सोडलेली गाडी उभी केली होती, तिच्यावर मी भाला घेऊन उभा होतो. लोकांना बुरुजावर माझं डोकं तेवढं दिसत होतं. खाली दाराच्या आत अडसरापाशी आतोबा. मी आज्ञा केली की त्यांनी अडसर काढायचा, एवढंच त्यांचं काम. बैरागी झालेला गिरणीवाला आला. त्याने दारावर थाप मारली. मी छाती भरून घेतली, "सूर्य मावळला" म्हणणार, तोच खालून अडसराचा आवाज आला आणि गडाचा दरवाजा सताड उघडला.

महाराज उघड्या दारात उभे. मी वर उघड्या तोंडाने उभा. डोक्यावर लख्ख ऊन. हेडमास्तर विंगेतून "बंद! बंद करा!" असं ओरडले. आतोबांनी दार लावलं. गिरणीवाला हुशार, त्याने पुन्हा चार पावलं मागे जाऊन नव्याने प्रवेश केला आणि थाप मारली. दार उघडलं. लोक हसायला लागले. पुन्हा लावलं. या वेळी गिरणीवाल्याने थाप मारायचं टाळलं आणि नुसतं "द्वारपाल!" म्हणून गर्जना केली. मी ती संधी साधली आणि घाईघाईने ओरडलो, "बैराग्या, परत जा! हे दार उघडणार नाही!" आणि माझ्या पायाखाली ते दार उघडलं. अख्खं मैदान हसून लोळायला लागलं. माझं दीड पान, माझे ते सगळे महिने! रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भाला टाकला आणि गाडीवरून खाली वाकून ओरडलो, "आतोबा, अहो काय करताय तुम्ही? लावून धरा की ते दार!"

खाली आतोबा अडसर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. तोंडभर घाम होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. उघड्या दारातून बाहेर बघत ते मोठ्यांदा म्हणाले, "बाहीर मानूस उभा हाय ना? मग? त्याला बाहीर ठिवू? न्हाई हुयाचं माझ्यानं. पुन्यांदा न्हाई हुयाचं."

हसणं थांबलं. बोरीत ती गोष्ट ठाऊक नसलेलं कोण होतं? गिरणीवाला बैरागी दाढी हातात धरून तसाच उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज बसला असावा. आणि पहिल्या रांगेत दादा खुर्चीवरून उठले. गडाकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि लोकांमधून वाट काढत चालू लागले. मला वाटलं, संपलं सगळं. भर सभेत त्या माणसाची जखम उघडी पाडली, आता हा मनुष्य बोरीत कधी पाऊल टाकणार नाही. आतोबांनाही तेच वाटलं असणार, कारण अडसर घेऊन ते जागच्या जागी खाली बसले. हेडमास्तरांनी उरलेलं नाटक कसं उरकलं ते मला सांगता येणार नाही. दार शेवटपर्यंत उघडंच होतं आणि शत्रूसुद्धा त्याच दारातून आत-बाहेर करत होते.

दिवेलागणीला आम्ही घरी निघालो. पुढे आतोबा, खांद्यावर अडसर. मागे आत्या आणि मी. अंगणात आलो आणि आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. रिकाम्या चौकटीतून आत कंदिलाचा उजेड दिसत होता. आत घोंगडीवर दादा बसले होते. टोपी काढून बाजूला ठेवलेली, पुढ्यात तांब्या. पाणी स्वतःच घेतलेलं दिसत होतं. वालूरची बाभूळ, पूर्णेची बिजागरी, मैदानातला तो गड, सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला.

आतोबा चौकटीबाहेर थांबले. स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर, आगंतुकासारखे. आत जायला त्यांचा पाय उचलेना. मग घसा खाकरून, लहान मुलाच्या आवाजात ते म्हणाले, "दादा, मी हाय."

"वळखला आवाज," आतून दादा म्हणाले. "ये आत."

आतोबा तरी हलेनात. दादाच पुढे बोलले, अगदी सावकाश: "लय ताप हुता रे मला तवा. घसा बसलेला. माझाच आवाज मला वळखू येत नव्हता, तुला कसा यावा? चालत चालत वऱ्हाडात जाईस्तोवर कळलं हुतं मला ते. पन राग धरला, आन मग सोडवायचा कसा ते उमगंना."

आत्या डोळ्यांना पदर लावून पुढे झाली आणि आतोबांना कोपराने ढकलत म्हणाली, "सरका बाजूला, चूल पेटवू द्या. मानूस उपाशी बसलाय घरात." त्या धक्क्यानेच आतोबा आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ मैदानातून दार आणायला गेले. मी मागून चाललो होतो. ते सागवानी धूड दोघांनी दोन टोकांना धरलं होतं आणि भांडण सुरू होतं: दादा म्हणत होते, आडवं धर; आतोबा म्हणत होते, असंच न्यायचं असतं, तुला दारातलं काय कळतंय. दादा दमले की आतोबा थांबत. आतोबांचा हात सुटायला आला की दादा शिव्या देत. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती आणि कुणी मदतीला पुढे होत नव्हतं. मी तरणाताठा होतो, एकट्याने ते दार उचललं असतं. पण मधे जाऊन हात लावायचा मला धीर झाला नाही. आज दोघंही नाहीत. इतकी वर्षं भांडायची राहून गेलेली ती दोन म्हातारी माणसं सगळं एकाच सकाळी भांडून घेत होती, आणि घर जवळ येईल तसतशी चाल मंद करत होती.